गावचा सोडा

मच्छिंद्रने ड्रायव्हरला केसांना धरून टेंपोतून खाली ओढलं, तेव्हा मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. पडताना त्याचं तोंड दाराच्या पत्र्यावर आपटलं. उठायला लागला तशा दोघांनी त्याच्या पाठीत लाथा घातल्या. तिसऱ्याने टेंपोची पुढची काच फोडली.

"काय आणलंस?" मच्छिंद्रने विचारलं.

"कोल्डिंग हाय, दादा. मी निस्ता डायवर हाय."

"कुणाचं?"

"कंपनीचं."

"कुठल्या गावची कंपनी?"

ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि तो एक हात पुढे करून नुसता नको नको म्हणत होता. माहीत नाही म्हणाला म्हणून त्याला आणखी मारलं. मग पोरांनी टेंपोची फळी पाडली आणि नारिंगी रंगाच्या बाटल्यांचे खोके रस्त्यावर ओतले. डांबर इतकं तापलं होतं की सांडलेलं पाणी बघता बघता वाळत होतं. मागे चिकट डाग आणि काचा राहत होत्या.

हे बार्शीत झालं, पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी, तेल गिरणी चौकात. माझं नाव रामलिंग डोंबे. चौकात माझी गोटी सोड्याची फॅक्टरी होती. फॅक्टरी म्हणजे पुढे दुकान, मागे एक खोली, वर राहायचं घर. खोलीत गॅसचा सिलिंडर, बाटल्या फिरवायचं लोखंडी चाक आणि मी आणि माझी बायको प्रयाग. अकरा वर्षं आम्ही बार्शीला सोडा पाजत होतो. मग हे नारिंगी आलं आणि दोन उन्हाळ्यांत आमचं निम्मं गिऱ्हाईक गेलं.

टेंपोतला माल बब्रुवानच्या दुकानात चालला होता. बब्रुवान माझा मेहुणा, प्रयागचा पाठचा भाऊ. त्याचं दुकान चौकाच्या पलीकडे, माझ्या दारातून सरळ दिसायचं. कंपनीने त्याला काचेच्या दाराचा फ्रीज दिला होता.

आरडाओरडा ऐकून तो पळत आला आणि खोक्यांच्या आडवा झाला. मच्छिंद्रच्या एका पोराने खोक्याची फळी उचकटून त्याच्या खांद्यावर हाणली. फळीला खिळा होता. सदरा फाटला आणि खाली लाल झालं.

"दाजी," बब्रुवान मला म्हणाला, "सांगा की ओ ह्यांना."

मी म्हणालो, "मी काय सांगणार? गावाचा निर्णय झालाय."

गावाचा निर्णय म्हणजे मच्छिंद्रच्या मंडळाने तीन आठवड्यांपूर्वी देवळाच्या सभामंडपात घेतलेली सभा. बार्शीत बाहेरचा माल विकायचा नाही आणि बार्शीकरांनी तो घ्यायचा नाही, असं तिथे ठरलं. मला बोलायला उभं केलं होतं. बार्शीचा रुपया बार्शीत राहिला पाहिजे, असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्याआधी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला ते फार आवडलं होतं.

माझ्या मागून प्रयाग बाहेर आली. तिच्या हातात आमच्या सोड्याची बाटली होती. तिने अंगठ्याने गोटी आत दाबली, ड्रायव्हरच्या शेजारी उकिडवी बसली आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"चूळ भर. गिळू नगंस, दात असंल."

त्याने चूळ भरली. लाल फेस बाहेर आला, त्यात खरंच एक दात होता.

प्रयाग मच्छिंद्रला म्हणाली, "झालं का मारून, का राहिलंय अजून?"

"वहिनी, तुमच्याच पोटासाठी चाललंय हे."

"माझ्या पोटाचं मी बघीन. तू तुझ्या पानटपरीवर बस जा. तिथं सिगारेटी कुठल्या गावच्या इकतोस ते वाच जरा पाकिटावर."

दोन-तीन पोरं हसली. मच्छिंद्र हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. बायकोला आवरा, असं त्याला म्हणायचं होतं. मी प्रयागला म्हणालो, "आत हो."

ती आत गेली. मीही गेलो. दुसऱ्या दिवशी एका लग्नाची ऑर्डर द्यायची होती, म्हणून ती चाकाशी बसली आणि बाटल्या लावायला लागली.

"त्या डायवरनं काय केलं होतं?" तिने विचारलं.

"त्याचं नाव काढू नको. हा गावाचा प्रश्न आहे."

"गावाचा कसला? आपला हाय. आपला सोडा खपंना म्हणून दुसऱ्याचे दात पाडायलेत."

"रुपया गावात राहिला पाहिजे का नको?"

"ऱ्हातो कुठं गावात? बाटल्या उत्तरंतनं येत्यात. गॅस पुण्यावरनं, अर्क मुंबईवरनं, रबरी रिंगासुदिक मुंबईवरनं. बार्शीचं काय हाय ह्यात? पाणी. आन् माझा हात."

मी म्हणालो, "तू भावाची बाजू घेतीस."

"मी पिणाराची बाजू घेती. त्याला तहान लागलीया. आपला ग्वाड लागला तर आपल्याकडं यील. न्हाई लागला तर आपण सुधरायचं. मारून पाजता येतं व्हय सोडा कुणाला?"

मी तिच्या तोंडात मारली. उलट्या हाताने मारली, हातात अंगठी होती. तिचा ओठ फाटला. अकरा वर्षांत मी तिच्यावर हात उचलला नव्हता, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याआधीही दोनदा उचलला होता. तिने पदराने ओठ पुसला, तोंडावर जाळी बांधली आणि चाक फिरवायला लागली. गॅस भरताना एखादी बाटली फुटते, म्हणून तारेची जाळी बांधून बसायचं असतं. संध्याकाळपर्यंत तिने ऑर्डर पुरी केली. जाळीच्या आत तिचा ओठ सुजत गेलेला मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, बाजाराचा दिवस. बब्रुवान दुकान उघडणार नाही असं मला वाटलं होतं. त्याने उघडलं. खांद्याला पट्टी बांधून तो गल्ल्यावर बसला. फ्रीजमध्ये आधीचा माल होता. बाजाराला आलेली खेड्यापाड्यातली माणसं उन्हाने कावलेली असायची. त्यांना आमची सभा माहीत नव्हती. ती त्याच्याकडे जाऊन बसायला लागली.

वैरागकडचा एक माणूस होता. पन्नाशीचा, पांढरा पटका, बरोबर नव्याने लग्न झालेली लेक. लेकीच्या हातात हिरवा चुडा होता. त्याने तिच्यासाठी एक नारिंगी घेतलं, स्वतःसाठी नाही. ती दुकानाबाहेर उभी राहून पीत होती. मच्छिंद्रने जाऊन तिच्या तोंडातून बाटली काढली आणि बापाच्या पटक्यावर उपडी केली.

"आरं बाबा, मी माझ्या पैशानं घेतलीया," तो माणूस म्हणाला.

"पैसा तुझा असंल. गाव आमचं हाय."

"मग काय करू? लेकरू तहानलंय."

"समोर सोडा हाय की. गावचा हाय. तो पाज."

त्या माणसाने चौकापलीकडे माझ्याकडे बघितलं. पटक्यातून त्याच्या भुवयांवर नारिंगी पाणी गळत होतं. मी हात करून 'या' असं म्हणालो. तो म्हणाला, "इख पियीन, पर त्याच्या हातचा सोडा पिणार न्हाई." तेवढ्यावरून त्याला मारलं. लेकीसमोर मारलं. त्याच्या डोक्यात बाटली घातली. ती फुटली नाही म्हणून परत घातली. लेक त्याच्या अंगावर पडली, तिच्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. दोघं उठून स्टँडच्या दिशेने गेली. तो माणूस चालताना एका बाजूला जात होता आणि ती त्याला सरळ करत होती.

बब्रुवान बाहेर आला आणि म्हणाला, "मी दुकान बंद करणार न्हाई. काय करायचं ते करा." मग शटर अर्धं खाली ओढून तो आत जाऊन बसला.

चारच्या सुमाराला मच्छिंद्र माझ्याकडे आला.

"अण्णा, दोन क्रेटी बाटल्या द्या. रिकाम्या. निस्त्या शटरवर मारायच्या, आवाज करायला. घाबरून बंद करील."

"कुणाला लागता कामा नये," मी म्हणालो.

"कुणाला लागतंय? शटरवर तर मारायच्या."

मी मागच्या खोलीत गेलो. आमच्याकडे रिकाम्या क्रेटी उजव्या हाताला असायच्या आणि भरलेल्या डाव्या हाताला, ओल्या पोत्यांखाली. गोटी सोड्याची बाटली रिकामी असली की गोटी आत सैल असते. भरली की गॅस गोटीला वर दाबून धरतो आणि ती तोंडाशी घट्ट बसते. त्यामुळे रिकामी क्रेट उचलली की बारा गोट्या खुळखुळतात. भरलेली क्रेट आवाज करत नाही. शिवाय ती जड असते. डोळे बांधून दिल्या तरी ओळखू येतात. आणि भरलेली बाटली हलवून फेकली की ती नुसती फुटत नाही, तिचा स्फोट होतो.

मी पोतं उचललं आणि डावीकडच्या दोन क्रेटी काढून मच्छिंद्रच्या पोरांना दिल्या.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की चुकून गेल्या, लग्नाच्या ऑर्डरमुळे क्रेटींची उलटापालट झाली होती. लोकांनी ते मानलं. सत्तावीस वर्षं मीही तेच सांगत आलो. पण चूक झाली नव्हती. सकाळपासून बब्रुवानच्या बाकड्यावर बसलेली माणसं मी मोजत होतो. मला त्याचं शटर फाटलेलं बघायचं होतं. तो फ्रीज फुटलेला बघायचा होता. त्याला लागावं असंही वाटत होतं का, ते मला सांगता येत नाही. लागू नये असं वाटत होतं, असं मी म्हणणार नाही.

पहिली बाटली शटरवर बसली तेव्हा पोरंच दचकली. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. मग त्यांना चेव आला. बाटल्या हातात घेऊन, वरखाली हलवून फेकायला लागली. बाजारातली माणसं पळत सुटली, एका म्हातारीची कोथिंबिरीची पाटी तुडवली गेली. एक बाटली एका पोराच्या हातातच फुटली आणि त्याच्या अंगठ्याचं मांस लोंबायला लागलं. तो बघत उभा राहिला, त्याला रडूसुद्धा येईना. चौथी का पाचवी बाटली अर्ध्या उघड्या शटरखालून आत गेली आणि फ्रीजचं दार खळकन खाली आलं. आतून बब्रुवान ओरडला.

तेव्हा मला प्रयाग दिसली. ती आमच्या मागच्या दाराने निघून गल्लीतून वळसा घालून पलीकडे पोचली होती. पायात चप्पल नव्हती. काचांवरून चालत ती शटरसमोर आली आणि चौकाकडे तोंड करून उभी राहिली. कालचा ओठ अजून सुजलेला होता.

पोरं थांबली.

"वहिनी, बाजूला व्हा," मच्छिंद्र म्हणाला.

ती हलली नाही. ती पोरांकडे बघतच नव्हती. चौकाच्या ह्या बाजूला, पायरीवर, माझ्याकडे बघत होती. आमच्यात पन्नास-साठ पावलांचं अंतर असेल. मच्छिंद्रनेही वळून माझ्याकडे बघितलं. बाटली त्याच्या हातात होती, ती त्याने खाली घेतली होती.

मग मागच्या पोरांतून एक बाटली आली. कुणी फेकली ते मला आजही माहीत नाही. ती प्रयागच्या कानाशेजारी शटरच्या लोखंडी पट्टीवर आपटली आणि फुटली.

ती दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसली. बोटांमधून रक्त आणि सोड्याचा फेस एकदमच येत होता. मी पळत गेलो. मी पोचायच्या आत बब्रुवान शटरखालून रांगत बाहेर आला होता. त्याने तिचे हात बाजूला केले आणि लगेच परत जागच्या जागी ठेवले. मला म्हणाला, "दाजी, हात लावू नका." मी तरी वाकलो. त्याने मला छातीत लाथ घातली. मी काचांवर उताणा पडलो. चौकात एवढी माणसं होती, कुणी त्याला काही म्हणालं नाही. त्याने बहिणीला उचललं आणि तो दवाखान्याकडे पळाला.

सोलापूरला नेऊन डॉक्टरांनी उजवा डोळा काढला. गालातून काचेचे नऊ तुकडे काढले. तिसऱ्या दिवशी जबाब घ्यायला फौजदार आला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, बब्रुवान उशाशी.

"बाई, कुणी मारली बाटली? नाव सांगा, घाबरू नका."

"कुणी न्हाई मारली," प्रयाग म्हणाली. "सोडा भरताना फुटली."

"भर चौकात भरत होता काय सोडा?"

"घरात फुटली. मग मी भावाकडं पळत गेले."

"तोंडाला जाळी नव्हती?"

"न्हवती."

फौजदाराने माझ्याकडे बघितलं, मग बब्रुवानकडे. बब्रुवान म्हणाला, "आक्का, खरं सांग." ती म्हणाली, "खरंच हाय ते. तूबी तसंच सांग." फौजदाराने लिहून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला. तिला सही येत होती, पण दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

बब्रुवानने दुकान विकलं आणि तो लातूरला गेला. दर भाऊबीजेला यायचा. घरात यायचा नाही. ती खाली उतरून पायरीवर त्याला ओवाळायची.

त्या उन्हाळ्यात माझा धंदा दुप्पट झाला. लोक मुद्दाम लांबून यायचे. पितापिता म्हणायचे, "अण्णा, प्यायचा तर गावचाच." गावासाठी बायकोचा डोळा गेला, असंही काही जण म्हणायचे. मी मान हलवायचो. पुढच्याच्या पुढच्या वर्षी नारिंगी सगळ्या दुकानांत परत आलं. मच्छिंद्र नगरसेवक झाला होता, नारिंगीची एजन्सी त्याच्याच पुतण्याने घेतली. त्याला कुणी मारलं नाही. माझं गिऱ्हाईक हळूहळू गेलं. पण मारून आणलेलं गिऱ्हाईक गेलं की वाईट वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी आणखी सात वर्षं सोडा भरला. मग चाक भंगारात घातलं.

प्रयाग चाकाशी पुन्हा बसली नाही. बाकी सगळं केलं. स्वयंपाक केला, मुलीचं लग्न केलं, माझी दुखणी काढली. मी तिच्यावर पुन्हा हात उचलला नाही. त्या शनिवारबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही काढलं नाही. मला वाटायचं, तिला चूकच वाटत असणार. क्रेटी बदलल्या, पोरांनी फेकल्या, ती मध्ये आली.

ती आठ महिन्यांपूर्वी गेली. किडन्या गेल्या होत्या. शेवटी शेवटी पाणीसुद्धा मोजून द्यायचं होतं. तिला तहान फार लागायची. मी कापूस भिजवून ओठाला लावायचो. जायच्या चार दिवस आधी, दुपारी, मी कापूस लावत होतो तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मी वर जिन्यात बसले हुते."

"कुठल्या दिवशी?"

"तुमी क्रेटी काढून दिल्या. गोट्या वाजल्या न्हाईत."

मी कापूस परत वाटीत बुडवला.

"म्हणून गेले मी तिकडं," ती म्हणाली. "बब्रुवान मरंल असं वाटलं. आन् म्हणलं, मी हुबी ऱ्हायले तर तुमी पोरांना हाक माराल. तुमी थांबा म्हणला असता तर थांबली असती ती. मच्छिंद्र तुमच्याकडंच बघत हुता."

ती दमली. मग एका डोळ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मारली हुती का ओ हाक? मला मेलीला गोंगाटात काय ऐकूच आलं न्हाई."

"मारली होती," मी म्हणालो. "दोनदा मारली."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि कापसासाठी तिने तोंड उघडलं.

मी हाक मारली नव्हती. तोंड मिटून उभा होतो. आदल्या दिवशी ती म्हणाली होती की ह्यात बार्शीचं फक्त पाणी आणि तिचा हात आहे. तिथे चौकात, सगळ्यांसमोर तिने माघार घ्यावी आणि ते तिचं म्हणणं मोडावं, असं मला वाटत होतं.